खत घातले की रुसणारी घटपर्णी

रोपवाटिकेतून घरी आणलेल्या घटपर्णीचे पहिल्या दीड-दोन महिन्यांत काय होते, हे आता जवळपास ठरून गेले आहे. आणताना टांगत्या कुंडीतून आठ-दहा लालसर घट लोंबत असतात. शेजारीपाजारी बघायला येतात, मुले घटात बोट घालून पाहतात, कोणी मेलेली माशी शोधून आणून आत टाकते. तीन आठवड्यांत घटांच्या कडा तपकिरी पडतात आणि महिनाभरात ते कागदासारखे वाळतात. नवी पाने येतात, पण त्यांच्या टोकाला घट काही धरत नाहीत. मग ‘याला खत कमी पडतंय’ असा निष्कर्ष निघतो. गुलाबाला घालतो तेच शेणखत किंवा गांडूळखत मूठभर याही कुंडीत पडते. पाने काही दिवस तुकतुकीत दिसतात, नंतर कडेने जळू लागतात, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टांगती कुंडी रिकामी होते.

ज्या झाडाला किडे खावे लागतात ते उपाशी असणार, म्हणून त्याला खाऊ घालावे, हा विचार वरवर बरोबर वाटतो. घटपर्णीच्या बाबतीत तो उलटा पडतो. का, ते समजून घेतले तर हे झाड सांभाळणे फार अवघड नाही, आणि आपला पावसाळा तर त्याला मनापासून मानवतो.

घटपर्णी म्हणजे नेपेंथीस या प्रजातीतील वेली. मादागास्कर आणि सेशेल्सपासून श्रीलंका, मलेशिया, बोर्निओ, फिलिपिन्स ते थेट ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत त्यांच्या सुमारे १७० जाती आढळतात. भारतात एकच आहे, ‘नेपेंथीस खासियाना’. शाळेच्या पुस्तकात कीटकभक्षी वनस्पतींच्या पानावर चित्र असते ती हीच, किंवा हिची जवळची नातेवाईक. तिचे घर मेघालयातील गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांत आहे. तिथल्या लोकांनी तिला दिलेली नावे बोलकी आहेत. गारो भाषेत ती ‘मेमांग-कोक्सी’, म्हणजे भुताची टोपली. खासी लोक तिला ‘तिएव-राकोत’ म्हणतात, म्हणजे राक्षसफूल. जैंतिया भागातले नाव अधिक व्यवहारी आहे, त्याचा अर्थ झाकण असलेले माशा धरायचे जाळे असा होतो.

याच टेकड्यांवर सोहरा, म्हणजे आपण भूगोलात शिकलेले चेरापुंजी आहे. वर्षाला सरासरी ११ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इतका पाऊस हजारो वर्षे एकाच उतारावर पडत राहिला की मातीतले विरघळणारे सगळे धुऊन जाते. नायट्रोजन, फॉस्फरस, चुना, काहीच टिकत नाही, आणि उरते ती आम्ल, निकस जमीन. ऊन आहे, पाणी आहे, त्यामुळे पिष्ट पदार्थ बनवायला झाडाला अडचण नाही. अडते ते प्रथिने बांधायला लागणाऱ्या नायट्रोजनपाशी. तो मातीतून मिळत नाही म्हणून घटपर्णी तो हवेतून उडणाऱ्या आणि फांद्यांवरून चालणाऱ्या प्राण्यांच्या शरीरातून घेते.

पण घट बनवणे झाडाला स्वस्त पडत नाही. घट हा पानाचाच भाग असला तरी प्रकाशसंश्लेषणात तो फारसा कामाचा नसतो. त्याच्या भिंती, ग्रंथी, आतला द्रव, कडेवरचा मध हा सगळा खर्च झाडाला साध्या पानांच्या कमाईतून भागवावा लागतो. त्यामुळे मुळांना आयते अन्न मिळू लागले की झाड हा खर्च टाळते. पाने मोठी होतात, टोकाची तार लांबते, पण तिच्या शेवटी घट फुगत नाही. खताचा हात सैल असलेल्यांच्या घरी हिरवीगार, बिनघटाची घटपर्णी दिसते ती यामुळे. आणि खत जास्तच झाले तर क्षारांची सवय नसलेली मुळे जळतात.

या मुळांबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. घटपर्णीची मुळे मुळातच काळी आणि केसासारखी बारीक असतात. कुंडी बदलताना ती पाहून ‘कुजलीत’ असे समजून कात्रीने छाटून टाकणारे कमी नाहीत. काळी पण ताठ मुळे निरोगी असतात, बोटात चिरडल्यावर लिबलिबीत लागली तर मात्र काळजी करावी.

महाराष्ट्रात हे रोप आणायचे तर मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर आणावे. रोपवाटिकेतल्या हिरव्या जाळीखालच्या दमट हवेतून ते थेट एप्रिलमधल्या पुण्याच्या किंवा नागपूरच्या कोरड्या बाल्कनीत आले तर पहिल्याच आठवड्यात घट टाकते. जून-जुलैत हा धक्का बसत नाही. सुरुवातीचे काही जुने घट तरीही वाळतील. तो प्रवासाचा परिणाम असतो, त्याने घाबरून जाऊ नये. वाळलेला घट कापावा, पान हिरवे असेल तर ते राहू द्यावे.

बागेतली माती, लाल माती, कंपोस्ट यातले काहीही कुंडीत नको. स्फॅग्नम मॉस आणि परलाइट हे चांगले मिश्रण. त्यात ऑर्किडसाठी मिळतात ते सालीचे किंवा कोळशाचे तुकडे घातले तर हवा खेळती राहते. कोकोपीट स्वस्त पडते, पण नारळाच्या काथ्यात मीठ असते. ते दोन-तीन दिवस भिजवून, पाणी बदलून, चांगले धुतल्याशिवाय वापरू नये. कुंडी प्लास्टिकची बरी, कारण मातीच्या कुंडीच्या भिंतीत क्षार साचत जातात. सकाळचे दोन-तीन तासांचे कोवळे ऊन आणि दिवसभर भरपूर उजेड अशी जागा तिला मानवते. घट न धरण्याचे खतानंतरचे दुसरे कारण म्हणजे अपुरा उजेड. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात शोभेसाठी ठेवलेली घटपर्णी फक्त पाने देत राहते.

पाण्याचा प्रश्न सगळ्यात नाजूक. पाणी कोणते घालावे याचा निर्णय त्यातल्या एकूण विरघळलेल्या क्षारांवर, म्हणजे टीडीएसवर करावा. ५० च्या खाली उत्तम, १०० पर्यंत चालते. बोअरचे पाणी अनेकदा ५०० च्या पुढे असते, ते या झाडाला हळूहळू मारते. घरातल्या आरओ यंत्राचे पिण्याचे पाणी बहुधा चालून जाते, पण काही यंत्रे चवीसाठी क्षार परत मिसळतात, तेवढे तपासून घ्यावे. त्या यंत्रातून बाहेर पडणारे नासाडीचे पाणी मात्र कधीही नको. ते वाया जाऊ नये म्हणून बादलीत धरून झाडांना घालायची चांगली सवय अनेक घरांत आहे. गोकर्ण-जास्वंद ते सोसतात. घटपर्णीच्या दृष्टीने त्यात गाळून काढलेले सगळे क्षार एकवटलेले असतात. पावसाचे पाणी सगळ्यात चांगले आणि फुकट. ऑगस्टमध्ये पत्र्याच्या पन्हाळीखाली ठेवलेले झाकणाचे दोन-तीन पिंप पुढचे कित्येक महिने पुरतात. कुंडी ओलसर असावी, पण खालच्या ताटलीत पाणी साचलेले नसावे. अमेरिकेतल्या सॅरासेनिया या दुसऱ्या कुळातल्या घटवनस्पती दलदलीत वाढतात, त्यांना पाण्यात उभे केलेले चालते. तो सल्ला वाचून नेपेंथीसची कुंडी पाण्यात ठेवली की तिची मुळे कुजतात.

एवढे जमले की जुलैच्या मध्यापासून पाहण्यासारखे काही घडू लागते. नव्या पानाची मधली शीर पानाच्या टोकातून बाहेर येते आणि तारेसारखी लांबत जाते. जवळ काही आधार सापडला तर तिला गिरकी बसते. तारेचे टोक वर वळते आणि तिथे तांदळाच्या दाण्याएवढा फुगीर ठिपका दिसतो. आठवड्यात तो बोटाच्या पेरापर्यंत वाढतो. सुरुवातीला तो चपटा आणि तपकिरी लवीने झाकलेला असतो, मग हवा भरल्यासारखा फुगतो. झाकण अजून घट्ट बंद असते, पण आतल्या ग्रंथींनी द्रव सोडायला सुरुवात केलेली असते. हा घट उजेडासमोर धरला तर पाण्याची रेघ बाहेरून दिसते. पाऊस आत शिरलेला नसतो, हे पाणी झाडाचे स्वतःचे. दाण्यापासून झाकण उघडेपर्यंत साधारण चार ते आठ आठवडे जातात. हवा मध्येच कोरडी पडली तर ठिपका काळा पडून तिथेच थांबतो. म्हणून जुलैत धरलेला घट ऑगस्टमध्ये उघडताना पाहायला मिळाला तर तो त्या घराच्या हवेचा चांगला दाखला समजावा.

झाकण उघडते ते बहुधा कोणी पाहत नसताना. सकाळी पाहावे तर फट पडलेली असते. झाकण वर उचलले गेल्यावरही खरा सापळा तयार झालेला नसतो. पुढचे काही दिवस घटाच्या तोंडाची कड बाहेर वळत जाते, रुंद होते आणि तिच्यावर लाल-तपकिरी चकचकीत रेघा उमटतात. या कडेला वनस्पतिशास्त्रात पेरिस्टोम म्हणतात. झाकणाला लोक सापळ्याचे दार समजतात, पण किडा आत पडल्यावर ते मिटत नाही. त्याचे मुख्य काम छत्रीचे, पावसाने आतला द्रव पातळ होऊ नये यासाठी. बोटाने झाकण सारखे उघड-मिट करून काही होत नाही, देठ तेवढा मोडतो.

शिकार कडेवर होते. ती कशी, हे नीट उलगडायला २००४ साल उजाडावे लागले. त्याआधी सगळे श्रेय घटाच्या आतल्या मेणचट भिंतीला दिले जात होते. हॉल्गर बोन आणि वॉल्टर फेडर्ले या संशोधकांनी दाखवले की कडेवरच्या सूक्ष्म पन्हाळींमध्ये पाण्याचा एकसंध पातळ थर पसरतो आणि मुंगीचे पाय त्या थरावर तरंगून घसरतात. ओल्या रस्त्यावर वेगातल्या गाडीची चाके पाण्यावर उचलली जातात, तसेच. कड कोरडी असताना त्याच मुंग्या तिच्यावर आरामात फिरतात, मध चाटतात आणि घरी परततात.

मग प्रश्न येतो की सतत न चालणारा सापळा झाडाने का ठेवावा? ब्रिस्टल विद्यापीठातील उलरिके बाउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोर्निओत प्रयोग करून २०१५ मध्ये याचे उत्तर दिले. काही घटांची कड त्यांनी कृत्रिमरीत्या सतत ओली ठेवली. अपेक्षा अशी की त्यांत जास्त मुंग्या सापडतील. प्रत्यक्षात मुंग्यांचे मोठे घोळके नैसर्गिक, अधूनमधून कोरड्या पडणाऱ्या घटांत जास्त सापडले. कारण सरळ आहे. वारुळातून टेहळणीला आलेली पहिली मुंगीच घसरून मेली तर पुढे कोणी येत नाही. ती मध खाऊन सुखरूप परतली तर रांग घेऊन येते. तोवर दव पडते किंवा सर येऊन जाते, आणि कड ओली झालेली असते. आपल्याकडे श्रावणातला ऊन-पावसाचा खेळ या सापळ्याला अगदी सोयीचा आहे. जुलैतल्या झडीपेक्षा ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरात घट लवकर भरतात, ते लक्ष ठेवून पाहण्यासारखे असते.

आपल्या खासियानाबद्दल सगळ्यात रंजक काम तिरुवनंतपुरमजवळच्या पालोड येथील जवाहरलाल नेहरू उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेत झाले आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये घटांवर अतिनील प्रकाश टाकला, तेव्हा तोंडाची कड निळी चमकताना दिसली. माणसाला एरवी न दिसणारी ही चमक अनेक कीटकांना दिसू शकते. कडेवर न चमकणारा लेप देऊन ती झाकली तेव्हा शिकार एकदम घटली. याच संस्थेच्या २०१७ मधील शोधनिबंधानुसार घटाच्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि त्यातून बाहेर झिरपणारा वायूही कीटकांना ओढतो. रंग, मध, निळी कड आणि वायू. एवढी जाहिरात करूनही पोटात मुख्यतः मुंग्याच पडतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण विक्रेतेच तो पसरवतात. घटपर्णी लावल्याने घरातले डास कमी होत नाहीत. तिचे मुख्य अन्न मुंग्या. एखादा डास पडलाच तर तो अपघात. आणि उलट भीतीही अनाठायी आहे. घटात पाणी असते म्हणून डेंग्यूचे डास होतील, असे विचारले जाते. घटातला द्रव आम्ल आणि पाचक असतो, घरगुती डासांना तो अंडी घालायला सोयीचा नाही. जंगलात काही खास जातींच्या अळ्या घटातच वाढतात, पण त्या शहरात नसतात. डेंग्यूचा खरा धोका कुंडीखालच्या ताटलीत आणि झाकण नसलेल्या पावसाच्या पिंपात असतो. ताटली रोज ओतून टाकावी, पिंपाच्या तोंडाला कापड बांधावे.

घटात काय होते, याचे कुतूहल जुने आहे. जोसेफ डाल्टन हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये खासियानाला तिचे शास्त्रीय नाव दिले आणि दुसऱ्याच वर्षी बेलफास्टमधील व्याख्यानात आपले प्रयोग सांगितले. अंड्याचा पांढरा भाग, कच्चे मांस, कूर्चेचे तुकडे घटांत टाकून ते विरघळतात का, हे तो पाहत होता. ते विरघळले. त्याचा मित्र चार्ल्स डार्विन याचे कीटकभक्षी वनस्पतींवरचे पुस्तक १८७५ मध्ये आले. आज आपल्याला माहीत आहे की हे काम नेपेंथेसिन नावाची विकरे करतात, आणि ती आपल्या जठरातील पेप्सिनच्याच कुळातली आहेत. शिकार पडली की घट आम्ल वाढवतो. काही जातींत ही आम्लता माणसाच्या जठराच्या जवळपास पोहोचते. झाडाचे पान आणि आपले पोट यांनी स्वतंत्रपणे तोच मार्ग निवडला, असे म्हणता येईल.

त्यामुळे वैद्यकाचे या द्रवाकडे लक्ष जाणे साहजिक आहे. गव्हातील ग्लुटेन काही माणसांना बाधते. सीलिअॅक या आजारात त्यामुळे आतड्याचे अस्तरच खराब होते. ग्लुटेनच्या तुकड्यांमध्ये प्रोलिन हे अमिनो आम्ल भरपूर असते आणि आपली पाचक विकरे तिथे कमी पडतात. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या डेव्हिड श्रीमर यांच्या गटाला घटपर्णीच्या द्रवात नेप्रोसिन हे विकर सापडले. ते नेमके प्रोलिनपाशीच प्रथिन तोडते. घटपर्णीच्या विकरांनी ग्लुटेनचे तुकडे होतात आणि उंदरांमध्ये आतड्याचा दाह कमी होतो, हे त्यांनी २०१६ मध्ये मांडले. उंदीर ते माणूस हा रस्ता लांब आहे. इस्रायलमधील संशोधकांनी २०१० मध्ये खासियानाच्याच घटांत कायटिन, म्हणजे कीटकांच्या कवचातला पदार्थ टाकला. तेव्हा झाडाने बुरशीला मारणारी दोन नॅफ्थोक्विनोन रसायने तयार केली. माणसाला त्रास देणाऱ्या बुरशींवरही त्यांचा परिणाम प्रयोगशाळेत दिसला. घटात पडलेले अन्न आपल्याआधी बुरशीने खाऊ नये, एवढाच झाडाचा हेतू.

मेघालयात न उघडलेल्या घटातला द्रव डोळ्यांत घालण्याची पारंपरिक पद्धत नोंदलेली आहे, मोतीबिंदू आणि रातांधळेपणावर. बंद घटातला द्रव जवळपास निर्जंतुक असतो, त्यामुळे ही पद्धत कशी रुजली असेल याचा अंदाज येतो. पण मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग गढूळ होणे. ते कोणत्याही थेंबांनी साफ होत नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते. बाल्कनीतल्या घटातला द्रव डोळ्यात घालू नये आणि पिऊही नये.

घटाला खायला घालायचे का? झाड उघड्या बाल्कनीत असेल तर गरज नाही, मुंग्या आपल्या वाटेने येतात. बंद घरात असेल तर महिन्यातून एकदा दोन-तीन मेलेल्या मुंग्या किंवा माशांच्या खाद्यातल्या सुक्या अळ्यांची चिमूट पुरते. पनीर, चिकन, अंडे नको. हूकरचा हात जपून चालत होता आणि त्याच्याकडे घटांना तोटा नव्हता. घरी मात्र मांस पचण्याआधी सडते आणि घट खालून काळा पडतो. घट वाटेत आडवा होऊन सांडला तर त्यात एक तृतीयांश शुद्ध पाणी घालावे. आधीच द्रव असेल तर काही घालू नये.

दसऱ्यापर्यंत झाड ऐन भरात असते. मग ऑक्टोबरचा उकाडा येतो, आणि कोकणात नसला तरी घाटमाथ्यावर आणि पलीकडे हवेतला ओलावा झपाट्याने उतरतो. नवे ठिपके वाळू लागतात. उघडलेले घट मात्र टिकतात, एक घट कित्येक महिने काम करू शकतो. या काळात झाडावर दिवसातून दहा वेळा पाणी फवारण्यापेक्षा इतर कुंड्यांच्या दाटीत ते ठेवणे जास्त उपयोगी. पाने सगळी मिळून आपली हवा दमट ठेवतात. थंडीत वाढ मंदावते, पाणी कमी करावे लागते. पुण्या-नाशिकची थंडी खासियानाला आणि बाजारातल्या नेहमीच्या संकरांना सोसते, त्यांचे मूळ डोंगराळ भागातले आहे.

कधी या काळात शेंड्यातून एक उभा तुरा निघतो, बारीक हिरवट-तपकिरी फुलांचा. घटालाच फूल समजणाऱ्यांना हे फूल पाहून निराशा होते. घटपर्णीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात, त्यामुळे घरातल्या एकट्या झाडाला बी धरत नाही. जंगलातही हीच अडचण आहे. झाडे विरळ झाली की नराला मादी जवळ सापडत नाही.

आणि खासियाना विरळ होत चालली आहे. ती वाढते ती जमीन शेतीच्या कामाची नसल्यामुळे पडीक समजली जाते, म्हणून ती आधी जाते. जैंतिया टेकड्यांत कोळसा आणि चुनखडीच्या खाणी, गारो टेकड्यांत झूम शेतीचे कमी होत गेलेले फेरे, रस्ते, आणि शोभेसाठी उपटून नेणारे लोक. दक्षिण गारो हिल्समध्ये बाघमारा येथे फक्त घटपर्णीसाठी राखलेले अभयारण्य आहे, पण ते काही एकरांचेच, गावाबाहेरच्या मैदानाएवढे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ही जात संकटग्रस्त आहे. वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारात, म्हणजे साइट्समध्ये, ती सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मोजक्याच वनस्पतींना संरक्षण दिले, त्यांत ती आहे. तिची लागवड आणि विक्री परवान्याशिवाय करता येत नाही.

म्हणून बाल्कनीसाठी खासियाना शोधत फिरू नये. ‘मेघालयातून थेट आणलेली’ असे सांगून कोणी मुळासकट वेल देऊ केली तर ती विकत घेणे म्हणजे त्या टेकडीवरचे एक झाड कमी करणे, आणि असे उपटलेले झाड घरी क्वचितच जगते. बाजारात सर्रास मिळते ती ‘व्हेंट्राटा’, फिलिपिन्समधल्या दोन जातींचा संकर, ऊतिसंवर्धनाने प्रयोगशाळेत वाढवलेला. ‘मिरांडा’ हाही असाच मोठ्या घटांचा संकर. दोन्ही चिवट आहेत आणि कोणत्याही डोंगराचे काही लागत नाहीत.

महाराष्ट्रात जंगली घटपर्णी नाही, पण निकस जमिनीवर किडे खाऊन जगण्याची युक्ती इथेही आहे. कास पठाराच्या जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर असतो आणि पावसाळ्यात तोही धुऊन निघतो. तिथे ऑगस्ट-सप्टेंबरात निळी-जांभळी ‘सीतेची आसवे’ पसरतात, ती युट्रिक्युलेरिया. तिच्या जमिनीखालच्या टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतात. शेजारी गवतात दवबिंदू ही चिकट केसांची वनस्पती सापडते. पर्यटक फुलांचा फोटो काढतात, पिशव्या कोणाला दिसत नाहीत. ही झाडे कुंडीत आणण्याच्या भरीस पडू नये. एका पावसाळ्यापुरते त्यांचे आयुष्य असते आणि तिथली जमीन घरी तयार करता येत नाही.

फेब्रुवारीत थंडी सरली की घटपर्णीची वेल एकदम लांबू लागते आणि खालची पाने झडून बुडाशी उघडी पडते. वरचे घट आता वेगळे दिसतात, सडपातळ, फिक्या रंगाचे, नरसाळ्यासारखे. रोप बदलले की काय असे वाटते, पण एकाच वेलीवर जमिनीजवळ एक आणि उंचावर दुसरा असे दोन प्रकारचे घट असणे हे या प्रजातीचे वैशिष्ट्य आहे. वेल फार लांबली तर मार्चपूर्वी शेंडा छाटावा. छाटलेल्या खोडाचे दोन-तीन पेरांचे तुकडे करून, पाने अर्धी कापून, ओल्या मॉसमध्ये खोचावेत आणि वर पारदर्शक पिशवी बांधावी. दीड-दोन महिन्यांत सगळे नाही तरी काही तुकडे मुळे धरतात. बुंध्यावरही नवे फुटवे येतात.

एप्रिल-मे हा काळ निभावून नेण्याचा. दुपारचे ऊन अडवावे, कुंडी सुकू देऊ नये आणि नव्या घटांची अपेक्षा सोडून द्यावी. कडा वाळलेली पाने पाहून खताच्या डब्याकडे हात जाण्याची हीच वेळ असते. तो आवरावा. पिंपातले गेल्या पावसाळ्याचे पाणी एव्हाना तळाला गेलेले असते, ते घटपर्णीसाठी राखून इतर झाडांना नळाचे द्यावे. वळवाचा पाऊस आला तर पन्हाळीखाली लगेच पिंप लावू नये. पहिल्या दोन-तीन सरींत छपरावरची वर्षभराची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा वाहून येते. ती वाहून जाऊ द्यावी आणि चौथ्या सरीला पिंप धुऊन खाली ठेवावे.